आठ माणसांची लिफ्ट

डायनासोर लिफ्टमध्ये शिरला आणि आबांच्या म्हातारपणाची घडी तिथून जी विसकटली, ती विसकटलीच.

त्या क्षणापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. नातीचा वाढदिवस होता. भिंगरी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. पण जी मुलगी जेवतानासुद्धा एका जागी टिकत नाही, तिला घरात दुसरं नाव चिकटत नाही. तिच्या मैत्रिणींनी सिनेमागृहातली एक अख्खी रांग भरून गेली होती. एका टोकाला सूनबाई, दुसऱ्या टोकाला मुलगा, म्हणजे दोन्हीकडून कुंपण. आणि मधोमध, भिंगरीच्या शेजारी, आबा. ही जागा त्यांना मानाने मिळाली होती. "आबा माझ्याच शेजारी बसणार," असं तिने मैत्रिणींना बजावून ठेवलं होतं, आणि त्या आनंदात आबांनी सकाळी दाढी दोनदा केली होती.

कारण त्या दोघांचा एक खेळ होता. सिनेमातल्या चुका पकडायच्या. टीव्हीसमोर दोघं मांडीला मांडी लावून बसत. नायकाच्या डाव्या भुवईवरची जखम उजव्या भुवईवर गेली, की भिंगरी आबांच्या मांडीला चिमटा काढी. चूक खरी असेल तर आबा तिच्या मनगटावर हळूच टिचकी मारत. म्हणजे चूक मंजूर, शिक्का बसला. या कामात बोलायचं नाही, हा नियम. कारण मागे आजी माळ ओढत बसलेल्या असत. नायिका पावसात भिजून घरात आली आणि तिचे केस कोरडे निघाले, की चिमटा. ग्लासातलं सरबत पिता पिता वाढलं, की चिमटा. आबांच्या मांडीवर कायम एक निळसर डाग असे आणि तो त्यांना मोठ्या मानाचा वाटे.

नोकरीत असताना आबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म त्यांनी दुकानांतले तराजू तपासण्यात घालवला. "हात लावू नका, काटा स्थिर होऊ द्या," हे त्यांचं वाक्य बाजारात इतकं गाजलेलं होतं, की निवृत्तीच्या दिवशी दुकानदारांनी एका भिंतीवरच्या घड्याळावर ते कोरून दिलं. ते घड्याळ मागे पडायचं. आबांनी तीनदा परत केलं आणि चौथ्यांदा त्यातला सूचक अर्थ ओळखून गप्प बसले.

तर त्या दिवशी सिनेमागृहाच्या दारातच माणसाच्या तिप्पट उंचीचं एक पोस्टर होतं: जबडा, त्यातून ओघळणारी लाळ, आणि खाली लाल अक्षरांत 'इंच न् इंच खरा!' आबा तिथे क्षणभर थबकले. इंच हा शब्द त्यांना रस्त्यात दिसला, की जुना सहकारी दिसल्यासारखं व्हायचं.

पहिल्या अर्ध्या तासात भिंगरीने पाच चिमटे काढले आणि आबांनी पाचही मंजूर केले. जीपचा फुटलेला दिवा पुढच्या वळणावर पुन्हा उजळला. नायिकेची फाटलेली बाही नदी ओलांडताना शिवून निघाली. दोन डायनासोर एकमेकांचे गळे धरून लढले, तेव्हा तर आबांना गहिवरून आलं. कारण त्यांनी वाचलेल्या पुस्तकाप्रमाणे त्यातला दुसरा जन्माला आला, तोवर पहिल्याच्या हाडांचे दगड होऊन कोट्यवधी वर्षं लोटली होती. एवढ्यावर भागलं असतं तर वाढदिवस आनंदात पार पडला असता.

पण मग तो मोठा, ज्याचं पाऊल जीपएवढं दाखवलं होतं आणि ज्याने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत डोकावून पाहिलं होतं, तोच प्राणी एका हॉटेलात घुसला आणि पळत्या नायकामागोमाग लिफ्टमध्ये शिरला. दार बंद झालं. लिफ्ट वर निघाली. कॅमेरा नेमका आतल्या पितळी पाटीवर स्थिरावला. संगीत थांबलं. अख्खं सिनेमागृह श्वास रोखून बसलं.

"अहो, आठ माणसांची लिफ्ट आहे ती!"

आबांना आपण बोललो हे आधी कळलंच नाही. आयुष्यभर बाजाराच्या गोंगाटावर मात केलेला आवाज; तो बाल्कनीपर्यंत गेला. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग रांग हसली, मग सगळं सिनेमागृह. लोक आपल्याला नाही, लिफ्टला हसताहेत, अशी आबांची प्रामाणिक समजूत झाली आणि ते उठून उभे राहिले. "हसण्यावारी नेऊ नका," ते म्हणाले. "उंची दुप्पट झाली की वजन आठपट होतं. हा प्राणी आधी होता तेवढाच असेल तर लिफ्ट तुटली पाहिजे. आणि लिफ्ट तुटली नाही, तर मधल्या वेळात प्राण्यात घट झालेली आहे. ही सरळ सरळ मापातली चोरी आहे!"

टॉर्चवाला आला. त्याने आबांचा दंड धरला नाही, नुसता उजेड त्यांच्या पायाशी टाकला आणि तो दाराच्या दिशेने सरकवत नेला. आबा उजेडामागून गेले. जाताना त्यांनी वळून पाहिलं. भिंगरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि एक मैत्रीण तिला विचारत होती, "हे तुझे खरे आबा आहेत?"

घरी आल्यावर सूनबाई काही बोलल्या नाहीत. भांडी मात्र बोलली. मुलगा म्हणाला, "बाबा, एक दिवस. एकच दिवस तुम्हाला गप्प बसता आलं नाही?"

"पण मी चूक सांगितली की बरोबर?"

"तो प्रश्नच नाहीये बाबा!"

बरोबर की चूक हा प्रश्नच नसतो, असं जग आबांनी कधी पाहिलं नव्हतं. ते भिंगरीच्या खोलीच्या दारात गेले. "भिंगरे, लिफ्टची पाटी तूही पाहिलीस ना?" आतून उत्तर आलं, "मला खेळायचंच नाही तुमच्याशी." मग दार बंद झालं. त्या संध्याकाळी टीव्हीसमोर ती आईच्या पलीकडे बसली. आबांच्या मांडीवरचा निळा डाग आठवड्याभरात फिका झाला, आणि हे दुःख कुणाला दाखवायचं तर ती जागा काही दाखवण्यासारखी नव्हती.

आबांनी विचार केला, की पोरीला आपली लाज वाटली कारण जगाने आपल्याला वेडं ठरवलं. उद्या जगानेच कागदावर लिहून दिलं, की आबा बरोबर होते, तर लाज वाटायचं कारणच उरणार नाही. हिशेब चोख होता. त्यात फक्त भिंगरीला कुणी विचारलं नव्हतं.

सकाळी त्यांनी हा बेत आजींना सांगितला. आजींचा सकाळी मौन पाळायचा नेम होता. देवाचं आटोपून ऊन गॅलरीतून उतरेपर्यंत त्या बोलत नसत. आणि आबांना महत्त्वाचं बोलणं नेमकं सकाळीच सुचायचं. आजींनी सगळं ऐकून घेतलं, पळीने 'नको' अशी खूण केली, आणि आबांनी ती 'पुढे जा' अशी वाचली. दुपारी मौन सुटल्यावर त्या म्हणाल्या, "न बोलल्याने कुणी मरत नाही हो. मी रोज करून बघते." तोवर आबा घराबाहेर पडले होते.

जिन्यातच इमारतीचे चिटणीस भेटले. या गृहस्थांना कुठल्याही विषयाचं अज्ञान आड येत नसे. "तक्रार करताय? कराच!" ते म्हणाले. "पण एकट्याने करू नका, सह्या घ्या. माझी मात्र नको, मला सिनेमा आवडला." खालच्या मजल्यावरचे वकील अपघाताच्या भरपाईचे दावे चालवायचे. त्यांनी डोळे मिटून सगळी हकिगत ऐकली आणि विचारलं, "डायनासोरने तुम्हाला धडक दिली का?"

"नाही."

"लिफ्टमधल्या कुणाला?"

"नाही हो. तेच तर म्हणणं आहे. त्या वजनाला काहीतरी व्हायला हवं होतं."

"काही झालंच नाही, याची भरपाई मागायची म्हणता?" वकिलांनी डोळे उघडले. "पस्तीस वर्षांत असा पक्षकार आला नाही माझ्याकडे." आणि त्यांनी चहा मागवला, जणू आबा पाहुणे म्हणून आले होते.

ग्राहक मंचाच्या कचेरीत एक लांबलचक टेबल होतं आणि त्याच्यामागे एक कारकून केळ्याची साल सोलत बसला होता. कारकुनाने तक्रार वाचली नाही, नुसती हातात तोलली.

"मालाचा नमुना आणलाय?"

"माल म्हणजे तसा... डायनासोर आहे."

"प्राण्यांचं वर."

वरच्या मजल्यावर एक बाई स्वेटर विणत होत्या. "जिवंत की मेलेला?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"मेलेला."

"कधी?"

आबांना खोटं बोलण्याची सवय नव्हती. "साडेसहा कोटी वर्षांपूर्वी," ते म्हणाले.

"मग मुदत उलटून गेली. दोन वर्षांच्या आत यायला हवं होतं." बाईंनी एक टाका मोजला आणि तक्रार परत सरकवली. मग आबांचा पडलेला चेहरा बघून त्या जरा विरघळल्या. "खाली सांगा, प्राण्याबद्दल नाही, जाहिरातीबद्दल आहे. आधीच सांगायचं ना तसं." आबा पुन्हा खाली आले. कारकुनाचं केळं संपलं होतं आणि जेवणाची सुट्टी सुरू झाली होती.

शेवटी 'इंच न् इंच खरा' या जाहिरातीविरुद्ध तक्रार दाखल झाली. पण तिच्या शेजारी तांबड्या शाईत शेरा पडला: 'प्रमाणित मापाशी तुलना जोडावी.' हे वाचून आबांना उलट बरंच वाटलं. हा त्यांचा प्रांत होता. ते तडक आपल्या जुन्या खात्यात गेले. तिथे त्यांच्याच हाताखाली तयार झालेला पोरगा आता साहेब झाला होता. त्याने उठून खुर्ची दिली, पंखा वाढवला.

"साहेब, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर," तो म्हणाला. "पण तुम्हीच शिकवलंत ना, शिक्क्याचं वजन समोर असल्याशिवाय कुणाला कमी म्हणायचं नाही? किलोला आपल्या कपाटात किलो आहे. मीटरला मीटर आहे. प्रमाण डायनासोर आपल्याकडे आहे का?"

आबांनी तक्रारीची घडी करून पिशवीत ठेवली. आपल्या शिष्याने आपल्यालाच पकडलं याचा त्यांना अभिमानही वाटला. ते निघाले तेव्हा मागून हसण्याचा आवाज आला आणि कुणीतरी म्हणालं, "आठ माणसे!" म्हणजे ही गोष्ट इथपर्यंत पोचली होती.

मग वस्तुसंग्रहालय. तिथे एका दालनात त्या प्राण्याचा सांगाडा उभा होता आणि आबांनी त्याच्यासमोर हात जोडावे की टेप काढावी, हे त्यांना कळेना. त्यांनी टेप काढली. तिथल्या शास्त्रज्ञ बाई धावत आल्या. माणूस म्हणून त्या फार चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं, की हा सांगाडा प्लास्टरचा आहे; खरी हाडं गोदामात आहेत; तीही सगळी मिळालेली नाहीत, उरलेली अंदाजाने बसवली आहेत.

"आणि वजन?"

"वजन असं नेमकं सांगता येत नाही, आजोबा. अमुक टनांपासून तमुक टनांपर्यंत असावं."

"अमुकपासून तमुकपर्यंत?" आबांचा आवाज चढला. "शेंगदाणे विकणाऱ्याने मला असं उत्तर दिलं असतं, तर मी त्याचं दुकान बंद केलं असतं!"

बाई समजुतीने हसल्या. "पण तुमचं लिफ्टचं म्हणणं बरोबर आहे हां," त्या म्हणाल्या. "कुठल्याही अंदाजाने ती तुटलीच असती." या एका वाक्यावर आबा पुढचे कित्येक दिवस जगले. त्यांनी बाईंना ते लिहून द्यायची विनंती केली. बाई म्हणाल्या, त्यासाठी संचालकांची परवानगी लागेल, आणि संचालक एका डायनासोरच्या सिनेमाच्या उद्घाटनाला गेले आहेत.

आता एकच उपाय उरला. प्रमाण बाहेर मिळत नसेल तर आतच शोधायचं: प्राण्याला त्याच्याशीच ताडून बघायचं. पहिल्या दृश्यात पडद्यावर जीप किती आणि पाऊल किती, शेवटच्या दृश्यात दार किती आणि डोकं किती. आबा एकटेच दुपारच्या खेळांना जाऊ लागले. पहिल्या रांगेत बसायचं, आणि प्राणी क्षणभर स्थिर झाला, की पडद्यापाशी धावून टेप लावायची. प्राणी फारसा स्थिर होत नसे. आबांच्या तोंडून सवयीने निघून जायचं, "हलू नको रे, काटा स्थिर होऊ दे!" मागच्या रांगांतून शिट्ट्या येत. टॉर्चवाला आता ओळखीचा झाला होता, तो उजेड धरून म्हणायचा, "आबा, उद्या बॅटरी तुमच्याकडून."

एके दिवशी मध्यंतरात व्यवस्थापक घाम पुसत आला. टेप, कानामागची पेन्सिल, जुन्या खात्याची पिशवी बघून त्याचा गैरसमज झाला होता. "साहेब, आत या ना, एसीत बसा. पॉपकॉर्नच्या डब्यांचं म्हणत असाल तर वजनाचं आम्ही बघतोच आहोत, नवीन मुलं आहेत, भरताना हात आखडता घेतात..." त्याने स्वतःहून एक डबा आबांच्या हातात ठेवला. आबांनी तो हातात घेतला मात्र, आणि त्यांना कळलं: कमी आहे, चांगलाच कमी. बोटांनी आयुष्यभर केलेलं काम बोटं विसरत नाहीत. उभा जन्म ज्या चोरीमागे घालवला ती आज आपण होऊन, लोणी लावून, त्यांच्या तळहातावर येऊन बसली होती.

"ते नंतर," आबा म्हणाले. "मला डायनासोरचं डोकं मोजायचंय." आणि त्यांनी डबा परत केला.

या प्रकारावर एका वर्तमानपत्राने चौकट छापली: 'डायनासोर मापात कमी! निवृत्त निरीक्षकाची झुंज.' सोबत टेप ताणून उभ्या आबांचं छायाचित्र होतं. आबांनी चार प्रती आणल्या. एक भिंगरीच्या टेबलावर ठेवली, फोटोची बाजू वर करून. संध्याकाळी ती टेबलाखाली पडलेली सापडली, फोटोची बाजू खाली करून.

पण चौकटीचा परिणाम झाला. पडत चाललेला सिनेमा पुन्हा चालू लागला. लोक लिफ्टच्या दृश्याची वाट बघत आणि पाटी दिसली, की सगळं सिनेमागृह एका सुरात ओरडे, "आठ माणसे!" मग ते रस्त्यावर आलं. आबा भाजी घ्यायला गेले, की कोपऱ्यावरून आरोळी येई. मग ते शाळेत पोचलं. भिंगरी वर्गात शिरली, की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणे, "सरका रे, आठ माणसे!" हे आबांना सूनबाईंकडून कळलं. त्या रागावल्याही नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "बाबा, ती हल्ली डब्बा खाली मान घालून खाते."

आबा त्या दिवशी तक्रार मागे घ्यायला निघाले होते. खरोखरच निघाले होते. चपला घातल्या, आणि दारात सिनेमा कंपनीची बाई उभी.

ती इतकी अदबशीर होती, की चिटणीस कुतूहलाने जिन्यात आले ते तिथेच राहिले. "सर," ती म्हणाली. आबांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणी सर म्हणालं. "आमच्याकडून चूक झाली. तुमच्यासारखा बारीक नजरेचा प्रेक्षक आमच्या दिग्दर्शकांना आधी भेटायला हवा होता. दुसरा भाग काढतोय आम्ही. तुमची मदत झाली तर..." तिने आबांना टेप कशी धरता ते विचारलं. पेन्सिल कानामागे का ठेवता ते विचारलं. चष्म्याला दोरी का, बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर कायम घालता का, हेही विचारलं, आणि सगळ्याची फिल्म घेतली. आबा इतके खुलले, की त्यांनी तराजू काढला, आजींची डाळ तोलून दाखवली आणि ते काट्याचं वाक्यही तीनदा म्हणून दाखवलं, तिसऱ्यांदा जरा खालच्या पट्टीत, कारण ती बाई म्हणाली, तसं जास्त खरं वाटतं.

बदल्यात कंपनीने काय द्यायचं? पडद्यावर नाव: 'मापनविषयक सल्लागार.' आणि पहिल्या खेळाला भिंगरी व तिच्या सगळ्या मैत्रिणींना मानाची रांग. आबांनी तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही केली. आजींचं त्या वेळी मौन होतं. त्यांनी पळी उचललीही नाही.

त्या रात्री जेवताना भिंगरी पहिल्यांदा स्वतःहून बोलली. "पडद्यावर नाव म्हणजे मोठ्या अक्षरात?"

"असेल की. माप मी स्वतः बघीन."

ती हसली. ओठांच्या एका कोपऱ्यात, पण हसली. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात सांगितलं. मागच्या बाकाचा आवाज बंद झाला. पुढचे काही महिने आबा इमारतीत असे वावरत, जणू दुसरा भाग त्यांच्या खांद्यावर उभा आहे. कंपनीने त्यांना एकदाही काही विचारलं नाही. आबा म्हणत, "पहिल्या भेटीतच मी सगळं समजावून सांगितलंय ना."

पहिल्या खेळाच्या दिवशी निघताना मुलाने त्यांना बाजूला घेतलं. "बाबा, एक अक्षर नाही. काहीही दिसो. भिंगरीची शपथ आहे."

"वचन," आबा म्हणाले.

रांग तीच, कुंपणं तीच. मधोमध भिंगरी, शेजारी आबा. दिवे मालवण्याआधी तिने मैत्रिणींकडे वळून एकदा आबांकडे बोट दाखवलं, आणि आबांना वाटलं, सगळं वसूल झालं.

नावं आली. 'मापनविषयक सल्लागार' आलं, इतर शंभर नावांत, डोळ्याची पापणी लवेपर्यंत गेलं. भिंगरी वाचेपर्यंत कॅमेऱ्याचा ट्रक चालवणाऱ्याचं नाव सुरू झालं होतं.

मग जंगल. मग जमिनीला हादरा. आणि झुडपातून एक म्हातारा बाहेर आला. बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर. चष्म्याला दोरी. कानामागे पेन्सिल. हातात टेप. चालसुद्धा तीच, डावा खांदा जरा खाली, वर्षानुवर्षं वजनांची पेटी वाहिल्यासारखा. समोर डायनासोरचं पाऊल येऊन पडलं. म्हातारा वाकला, टेप लावली, आणि खालच्या पट्टीत, अगदी खरं वाटेल असं म्हणाला:

"हलू नको रे, काटा स्थिर होऊ दे!"

जबडा खाली आला. एका घासात संपलं.

असं हसू आबांनी त्या सिनेमागृहात कधी ऐकलं नव्हतं. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. "आठ माणसे! आठ माणसे!" मैत्रिणींची रांग हसून वाकली होती. एकीला तर ठसका लागला. भिंगरीही हसली. आधी सगळ्यांबरोबर हसली. मग तिला कळलं आणि ती मध्येच थांबली. तिने आबांकडे पाहिलं नाही. आबांनीही पाहिलं नाही. ते पुढे बघत राहिले, ताठ, जसे एखाद्या दुकानदाराने तोंडावर शिवी दिली, की बघत राहायचे.

पडद्यावर आता शांतता होती. गवतात म्हाताऱ्याचा चष्मा पडला होता, डावी काच फुटलेली. नायिका आली, तिने चष्मा उचलला, डोळ्यांत पाणी आणलं. चष्म्याची उजवी काच फुटलेली होती.

आबांनी ते पाहिलं. अर्थातच पाहिलं.

आणि त्यांच्या मांडीला चिमटा बसला.

हलका, चोरटा, पण तोच. इतक्या महिन्यांनंतर, सगळ्यांच्या देखत, त्या हशातून वाट काढत तो त्यांच्यापर्यंत आला होता. भिंगरी पडद्याकडेच बघत होती, मनगट मात्र खुर्चीच्या हातावर उताणं ठेवलेलं होतं.

टिचकीला आवाज नसतो. वचन मोडत नव्हतं. आबांचा हात उचलला गेलाही असता. पण अजून कुठेतरी मागे कुणी हसत होतं, आणि आबांना वाटलं, की टिचकी मारली तर अंधारातसुद्धा लोकांना दिसेल: तोच म्हातारा, तीच खोड. हात जागचा हलला नाही.

"आबा," ती अगदी हळू म्हणाली, "काच."

"काय?" आबा म्हणाले. "कुठली काच?"

तिने आता वळून पाहिलं. पडद्याचा निळा उजेड तिच्या चेहऱ्यावर हलत होता. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"काही नाही," ती म्हणाली. मग पलीकडे मैत्रिणीकडे झुकली आणि मोठ्या माणसांच्या आवाजात, समजुतीने, कुजबुजली, "आबांना हल्ली नीट दिसत नाही गं."

आबांचा हात तेव्हा उचलला गेला. पण मनगट तिथे नव्हतं. त्याऐवजी रांगेतून हातोहात सरकत आलेला पॉपकॉर्नचा डबा त्यांच्या हातात आला, आणि बोटांनी तत्काळ सांगितलं: कमी आहे, मागच्यापेक्षाही कमी.

त्यांनी तो काही न बोलता पुढे दिला.